न शिकलेली पाहिजे

मावशींच्या गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्या एका कचेरीत फरशी पुसत होत्या. डॉक्टर म्हणाले, "खाली बसणं बंद." मावशी म्हणाल्या, "मग फरशी वर आणायची का?" डॉक्टर हसले नाहीत, तेव्हा मावशींनी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

ती कचेरी ई-मेलला कुलूप घालण्याची सोय तयार करत होती. पाठवलेलं पत्र वाटेत कुणी फोडून वाचू नये म्हणून. सोय तयार होती, पण ती वापरायला इतकी अवघड की करणाऱ्यांखेरीज कुणाला जमेना. "साध्या माणसाला जमलं पाहिजे!" असं साहेब उठताबसता म्हणत. पण सगळ्या कचेरीत साधा माणूस औषधालाही नव्हता. एके दिवशी त्यांची नजर दाराशी फडकं पिळणाऱ्या मावशींवर पडली.

"मावशी, ई-मेल येतो का तुम्हाला?"

"नातवाला पाठवते की. पण अंगठ्यानं दाबून दाबून."

"वा! या, बसा इथे."

'इथे' म्हणजे हात टेकायच्या, गुबगुबीत खुर्चीत. समोर पडदा, भिंतीत मोठा आरसा. चष्मेवाली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा हं. परीक्षा तुमची नाही, आमच्या कामाची आहे." आरशापलीकडे मंडळी बसून टिपणं घेतात, हे तिने सांगितलं. हसतात, हे सांगितलं नाही.

पडद्यावर दोन किल्ल्या आल्या. एक सगळ्यांना वाटायची, दुसरी लपवून ठेवायची. "आता तुमच्या मैत्रिणीला किल्ली पाठवा," अशी सूचना आली.

मावशी मोठ्यानं बोलू लागल्या. "मैत्रीण म्हणजे आपलं माणूस. तिला का गावभर वाटायची किल्ली देऊ? रस्त्यावरची आहे का ती? तिला आपली लपवलेलीच द्यावी." आणि त्यांनी लपवायची किल्ली पाठवून दिली. म्हणजे वाटेत टपलेल्या चोराच्या हाती घराची चावी.

साहेब बाहेर आले ते डोळे पुसत. "मावशी, तुम्ही सोनं आहात!"

त्या दिवसापासून मावशींचं पुसणं सुटलं. रोज थोडा बदल करून तीच सोय त्यांच्यापुढे येई, आणि मावशी रोज नव्या वाटेने तीच चूक करत. घरी धाकटी जाऊ टोमणे मारी. "आल्या खुर्चीवाल्या! भाजी चिरताय, की नुसती सही करताय?" मावशी ऐकून घेत. गुडघे दुखत नव्हते. एवढ्या सुखात टोमणाही पचतो.

पण मनात धाकधूक होती. रोज नापास होणाऱ्याला कोण किती दिवस खुर्चीत बसवून ठेवील? आज ना उद्या हाकलतीलच. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्या जिन्याखालच्या संगणक दुरुस्तीवाल्याकडे गेल्या.

"अहो मावशी, वाटायची ती किल्ली नाहीच मुळी," तो म्हणाला. "ते उघडं कुलूप समजा. ते खुशाल वाटा. लोक आपलं पत्र पेटीत घालतात, तुमचं कुलूप दाबतात नि पाठवतात. उघडायची किल्ली फक्त तुमच्या कमरेला."

"एवढंच होय! मग मेल्यांनी सरळ सांगायला काय झालं होतं?"

दुसऱ्या दिवशी मावशी खुर्चीत बसल्या आणि न अडखळता पत्राला कुलूप घातलं, पाठवलं, आलेलं उघडलं. मग आरशाकडे बघून, वर्गात पहिल्या आलेल्या पोरीसारख्या हसल्या.

आत बराच वेळ कुणी आलं नाही. शेवटी साहेब आले.

"कुणी शिकवलं?"

"माझी मी शिकले, साहेब." दुरुस्तीवाल्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

साहेब चष्मेवालीकडे वळले. "गेल्या वाया. आता यांचा काय उपयोग?" मग मावशींकडे बघून, अगदी मऊपणे, "मावशी, तुमच्यासारखी दुसरी कुणी आहे का हो ओळखीत? पण न शिकलेली पाहिजे."

फरशीचं काम तरी टिकावं म्हणून मावशींनी धाकट्या जावेला आणलं.

जाऊ खुर्चीत बसली त्या दिवशी मावशींना आरशामागची खोली पुसायला सांगितली. ओली फरशी, त्यावर टेकलेले गुडघे. काचेपलीकडून जावेचा आवाज आला, "अगं बाई, दोन किल्ल्या? एक हरवली तर असू दे म्हणून असेल. दोन्ही पाठवते!" खोलीत हशा उसळला.

"ही तर मावशींच्या वरताण!"

"छे, 'रस्त्यावरची आहे का ती' याला तोड नाही. साहेबांनी पार्टीत त्याचं रेकॉर्डिंग लावलं होतं ना, लोक लोळत होते."

हे बोलता बोलता मंडळींनी फडक्यासाठी पाय वर उचलले. खाली कुणी बघितलं नाही. एकट्या चष्मेवालीने बघितलं, आणि ती पुन्हा टिपण लिहू लागली.

संध्याकाळी जाऊ फुलून बाहेर आली. दाराशी फरशी पुसत बसलेल्या मावशींना उठता येईना, तेव्हा तिनेच हात दिला.

"जाऊबाई, किती गोड माणसं हो! मी तुम्हाला उगाच बोलत होते. उद्याही बोलावलंय. बरं, मला जमलं ना?"

मावशींनी तिचा हात सोडला नाही. "चुकलीस तू. सगळं चुकलीस. असंच चाललं तर आठवड्यात हाकलतील."

जावेचा चेहरा उतरला. "मग आता?"

"घाबरतेस काय? मी आहे ना."

घरी पोचताच मावशींनी चुलीकडे बघितलंही नाही. जावेला शेजारी बसवलं, नातवाचा जुना फोन पुढ्यात ठेवला, कुलूप नि किल्ली म्हणून दोन वाट्या घेतल्या, पेटी म्हणून डबा घेतला आणि समजावून सांगायला लागल्या. जाऊ चुकली तरी चिडल्या नाहीत. "पुन्हा सांग बघू," म्हणत राहिल्या.

"देवमाणूस आहात तुम्ही," जाऊ म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "आता येतंय मला. पुरे ना?"

"पुरे कसं? झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे," मावशी म्हणाल्या. "हं, पहिल्यापासून."