आभाळ आलं की डावा हात

अशा सदरांतले अनुभव वाचताना मी आधी शेवटची ओळ बघतो. 'याचं कारण आजवर कळलेलं नाही' असं दिसलं की पान उलटतो. भूत, चकवा, लागीर... माझा कधीच विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर भुतांवर आजही नाही. मी जे सांगणार आहे त्यात कुणी मेलेलं नाही. अंधारही नाही. भर दुपारची गोष्ट आहे, आणि तिच्यात एकच किळसवाणी वस्तू आहे — माझा डावा हात.

बायकोला हे अर्धंच माहीत आहे. आईवडील गेले, त्यांना काहीच कळलं नाही. आता पन्नाशी उलटली, म्हणून लिहून टाकतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. गिरगावातली खोली सोडून आईवडील, बायको आणि मी वाशीला नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. आमचं घर मूळचं साताऱ्याकडचं, वडील माळकरी. घरात अंड्याचं नाव निघत नसे. मी तुर्भ्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क होतो. बसची वाट बघून कंटाळलो आणि एक सेकंडहँड मोटरसायकल घेतली. गाडी चालवता येत नव्हती. ती शिकवायची जबाबदारी घेतली आमच्या मोहितेने — माझ्याच टेबलाशेजारी बसणारा, मालवणचा, तोंडाचा पट्टा सतत चालू.

शिकायला आम्ही रविवारी नेरूळच्या बाजूला जायचो. तेव्हा तिथे इमारती नव्हत्या, पण रस्ते तयार होते. रुंद, काळेकुळकुळीत, रिकामे. दोन्ही बाजूंना भराव टाकलेली सपाट जमीन आणि पलीकडे खाडी. शिकाऊ माणसाला याहून चांगली जागा नाही.

नवीन माणसाचं गाडीवर काय होतं, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळेल. लख्ख ऊन असलं की रस्ता आपला वाटतो. खड्डा लांबून दिसतो, सावल्या जागच्या जागी असतात, गिअर आपोआप पडतात. आपल्याला येतंय, असं वाटायला लागतं. आणि मग एक ढग येतो. उजेड मळका होतो, खाडीवरून वारा सुटतो, हँडल किंचित हलतं... बस्स. इतकंच पुरतं. पाय ब्रेक शोधायला लागतो, डोळे रस्ता सोडून वर जातात. मोहिते मागून ओरडायचा, "अरे खाली बघ, खाली! आभाळ काय तुझा सासरा आहे का, सारखं त्याच्या तोंडाकडे बघायला?"

त्याने एक नियम मात्र घालून दिला होता. शिंतोडा पडला की नवशिक्याने गाडी बाजूला घ्यायची. धुळीवर पडलेलं पाणी तेलापेक्षा वाईट.

मार्च संपत आला होता. मोहिते गावाला गेलेला. मी पहिल्यांदाच एकटा निघालो. निघताना टाकीखालचा पेट्रोलचा कॉक गळत होता, ती तोटी बोटांनी घट्ट केली, हात पँटला पुसले. वास गेला नाही, पण तेव्हा त्या वासाचाही अभिमान वाटत होता. ऊन कडक होतं. नेरूळच्या रस्त्याला मी चौथा गिअर टाकला आणि चक्क गाणं म्हणत होतो.

परत फिरताना आभाळ आलं. अवकाळी. बघता बघता दुपारची संध्याकाळ झाली, वाऱ्याबरोबर धूळ उडाली. माझे डोळे वर. आत्ता पडेल, मग पडेल, पडला तर घसरणार...

त्या रस्त्यावर खाडीकाठच्या गावातल्या बायका जवळा वाळत घालायच्या. जवळा म्हणजे ती बारीक कोळंबी, बोटाच्या पेराएवढी. नवीन डांबर तापलेलं असायचं, त्यावर चांगली वाळायची. आम्हाला सवय होती, रस्त्याचा तेवढा भाग चुकवून जायचो. त्या दिवशी एक बाई ओणवी होऊन घाईघाईने जवळा गोळा करत होती. तिचीही नजर वर आभाळाकडेच होती. दोघांनीही रस्ता बघितला नाही.

चाक जवळ्यावर आलं आणि सरकलं. गाडी पडली नाही, पण पायाजवळचा लोखंडी दांडा तिच्या गुडघ्याला लागला. मी थांबलो तो तिच्या अगदी लगत. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये, डाव्या हाताने क्लच दाबलेला. ती त्या अर्धवट सुकलेल्या जवळ्यातच बसली होती. चाकाखाली आलेल्याचा लगदा झाला होता. तो तिच्या लुगड्याला, केसांना, कोपरापर्यंत हाताला चिकटलेला. आणि वास! आयुष्यात तसा वास मी इतक्या जवळून घेतला नव्हता.

तिने शिवी दिली नाही. हात वर केला.

"हात दे रं मना. उठवत नाय."

मी तसाच बसून राहिलो. तिने अजून वर केला. तिची ओली, चिकट बोटं क्लचवरच्या माझ्या बोटांना लागली, आणि मी हात झटकला. पालीवर पाय पडल्यासारखा. क्लच सुटला, गाडीने उडी मारली आणि मी निघालो. मागे बघितलं नाही. पाऊस पडलाच नाही त्या दिवशी. वाशीला पोचेपर्यंत पुन्हा ऊन.

कित्येक दिवस मी स्वतःला एकच सांगत होतो. हात द्यायला क्लच सोडावा लागला असता, क्लच सोडला तर गाडी बंद पडली असती, नवशिक्याला परत किक मारून चालू करता आली नसती. पटण्यासारखं आहे ना? पण क्लच सुटलाच होता. गाडी बंद पडली नव्हती.

घरी साबणाने हात धुतले. वास गेला. मी विसरलो.

पुढचं आभाळ एप्रिलमध्ये आलं. ऑफिसला चाललो होतो. तुर्भे नाक्याजवळ उजेड मळका झाला आणि क्लचवर बोटं घसरायला लागली. घाम असेल म्हणून बघितलं तर घाम नव्हता. एक चिकट ओल होती, तिच्यात मिठाची कचकच, आणि तोच वास. गाडी भर नाक्यात बंद पडली. मागचा ट्रकवाला खाली उतरून माझ्या खानदानाचा उद्धार करून गेला. ऊन पडलं. हात कोरडा ठणठणीत, वास नाही.

मनाचे खेळ म्हणून मी हे कुणाला बोललो नाही. पण पुढच्या ढगाळ दिवशी मोहितेने माझी गाडी चक्कर मारायला नेली. परत आला तो हँडलची डावी मूठ हुंगत.

"काय रे माळकऱ्याच्या पोरा, चोरून सुकट आणायला लागलास?"

"कसली सुकट?"

"मला शिकवतोस? जवळा आहे हा. पुरता वाळलेला पण नाही." मग माझा हात ओढून नाकाला लावला आणि त्याचा चेहरा बदलला. मासे खाणारा माणूस, पण त्यालाही ओकारी आली. "जा, धुऊन ये बाबा. हा सडलाय."

त्या पावसाळ्यात माझे हाल कुत्रं खाईना. आईची खात्री झाली, मी बाहेर मासे खातो. "चिंच लावून घास, आणि यांच्या ताटाला हात लावू नकोस," एवढंच ती म्हणायची. वडिलांनी माझ्याशी बोलणं टाकलं. डॉक्टरांनी मलम दिलं. कारखान्यातला केमिस्ट म्हणाला, दमट हवेत वास जास्त येतो. येतो ना, पण मुळात असेल तर! बाकी अंगाला काही नाही, फक्त डाव्या हाताची चार बोटं. क्लचवर होती तीच. जेवताना मी तो हात मांडीखाली दाबून बसायचो. गाडीवर तर बसणंच सोडलं.

आणि ऑगस्टमध्ये मुलगी झाली. बाहेर आभाळ भरलेलं. नर्सने दुपट्यातली पोर माझ्यापुढे धरली. मी एका उजव्या हातावर घ्यायला गेलो.

"अहो, दोन्ही हातांनी घ्या. पडेल ती," बायको खाटेवरून म्हणाली.

डावा हात पुढे केला. पोरीने नाक मुरडलं आणि अशी किंचाळली की नर्सने ओढूनच घेतली. बायको माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या बाईच्या नव्हे, माझ्या अंगाची शिसारी आली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, आभाळ असतानाच, बस धरून त्या खाडीकाठच्या गावाला गेलो, पुढे चालत. गाव लहान. गुडघ्याला मार लागलेली जवळेवाली म्हटल्यावर एकाने घर दाखवलं. ओट्यावर दोन बायका सुकी मासळी घेऊन बसल्या होत्या. एक मला ओळखू आली. गुडघ्यावर फडकं बांधलेलं. मी काय बोलणार? म्हटलं, जवळा हवाय.

"माज्याकरचा घे दादूस," दुसरी म्हणाली. ती तिची जाऊ होती. "हिरूबायचा नको घेव. वास येतंय."

"जवळ्याला वास येणारच की."

"जवल्याचा येल तं कोन बोलंल? हिचे हाताला रॉकेलचा वास येतंय. होलीपासून. आभाल आला का येतंय, ऊन परला का जातंय. हात लावंल त्या मासलीला लागतंय. गिराईक टोपलीवर थुकून जातान!"

"रॉकेल नाय गो," हिरूबाय शांतपणे म्हणाली. "पेट्रोल."

तिने एकदा हवा हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. माझा डावा हात पाठीमागे होता.

"आज गारी नाय आनलीस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"त्या दिशी हात मागितला व्हता रं तुज्याकरं. दुसरा काय नाय."

आणि मी काय बोललो असेन? इतक्या महिन्यांनी, तिच्या दारात उभं राहून? मी म्हणालो, "हात सोडला असता तर... गाडी बंद पडली असती."

जाऊ खो खो हसली. "गारी बंद परली असती म्हनं! आनी ही बंद परली ती?"

हिरूबाय हसली नाही. तिने बसल्या जागेवरून हात वर केला. अगदी तसाच.

"मंग आता धर. आता तं गारी नाय."

मी धरला. डावा. गार, खरबरीत हात होता, आणि त्याला माझ्या गळक्या कॉकचा वास येत होता. त्यात काही शंका नाही, माझ्या गाडीचा वास मी ओळखतो. तिने माझ्या हातावर सगळा भार टाकला आणि ओट्यावरून उठली. उभी राहिली. हात सोडला.

इथेच मी थांबावं. मोहितेला मी इथपर्यंतच सांगितलं, बायकोलाही. पण खरं लिहायचं ठरवलंय. तिने हात सोडला आणि माझा दुसरा हात आपोआप खिशात गेला. रुमाल काढला. तिच्यासमोर, तिथल्या तिथे, मी बोटं पुसली. एकेक करून.

तिने ते बघितलं. रागावली नाही. फक्त म्हणाली, "पूस, पूस. पुसून बग."

पुढे मोहिते तिकडून सुकी मासळी आणायला लागला. त्याच्याकडून कळलं की हिरूबायचा वास त्या दिवसापासून गेला तो गेलाच. टोपली पुन्हा रिकामी व्हायला लागली. मी गाडी विकली. घेणाऱ्याने मुठीबद्दल कधी तक्रार केली नाही.

तिच्या हाताला माझं पेट्रोल कसं गेलं, माझ्या हाताला तिचा जवळा कसा आला, मला माहीत नाही. केमिस्टला नाही, डॉक्टरला नाही. इतकंच सांगतो की माझी मुलगी लहानपणी रस्ता ओलांडताना फिरून माझ्या उजव्या बाजूला यायची आणि उजवाच हात धरायची. तिला तसं कुणी शिकवलं नव्हतं.

आज सकाळपासून आभाळ आहे. बायकोने न बोलता खिडक्या उघडल्यात. हे मी उजव्या हाताने लिहितोय. डावा टेबलाखाली आहे, रुमालात गुंडाळलेला.