रकाना रिकामा नको

आमच्या मालकांच्या लघवीचे आकडे मी चार दिवस मनानं लिहिले.

घ्या, लिहिलं एकदाचं. एवढं एक वाक्य कागदावर यायला वर्षं गेली. तरीही परवा नातीला म्हटलं, "लघवी हा शब्द डोळ्याला बरा दिसत न्हाई गं, दुसरा सुचव." ती म्हणाली, "आजी, युरिन आउटपुट लिही." म्हणजे तीच गोष्ट, बूट-मोजे घातलेली. नको म्हटलं.

तेव्हा मी तरुण होते. बासष्टची. अंगणवाडीतून निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली होती आणि आपल्यावाचून आमच्या लोहा गावातलं एकही रजिस्टर पूर्ण होत नसणार अशी माझी पक्की समजूत होती. बाईंचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, असं आमच्या सुपरवायझर म्हणायच्या. मीही मान हलवून ते खरं असल्याचं सांगायची. रिकामा रकाना दिसला की माझ्या हाताला खाज सुटायची. एका महिन्यात वजनकाटा बिघडला, तर मी गावातलं प्रत्येक लेकरू पाव किलोनं वाढवलं. तापानं फणफणलेलंसुद्धा. अशी कामसू होते मी.

मालक पाटबंधारे खात्यात. कालव्यावर उभं राहून पट्टीवर पाण्याची पातळी बघायची आणि वहीत मांडायची, एवढ्यावर त्यांची सगळी नोकरी झाली. त्या वजनांचा पराक्रम मी त्यांना कौतुकानं सांगितला, तेव्हा जेवता जेवता त्यांचा हात थांबला.

"काटा मोडला तर काटा मोडला म्हनून लिव की."

"अन् रकाना रिकामा ठिवू?"

"मग? पुरात माझी पट्टी वाहून गेली तवा मी लिवलं, पट्टी न्हाई. पाणी मी माझ्या मनानं वाढवू का?"

मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि विषय मिटवला. नवऱ्याला गप्प करायची माझी तेवढी एकच रीत होती.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांना खोकला धरला. लोह्याहून नांदेडला नेलं, एका खासगी दवाखान्यात खाट मिळाली. हॉलमध्ये आठ खाटा, बाया-माणसं एकत्रच. माझाही रिपोर्ट पॉझिटिव्ह होता, पण माझा ताप एका दिवसात पळून गेला होता. म्हणून मला त्यांच्याजवळ राहू दिलं. नर्सबाई डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यात, डोळ्यांपुढच्या काचेवर वाफ जमलेली. ती वय बघून मला आधी आजी म्हणाली. मी लगेच सांगितलं, की मी तीस वर्षं सरकारी रजिस्टरं भरली आहेत.

"मग चार्ट तुम्हीच ठेवा ना, मॅडम," ती म्हणाली.

मॅडम! अंगणवाडीत मला सगळे बाईच म्हणायचे. मी खाटेवरच पदर सारखा केला.

चार्ट म्हणजे एक कागद. एका बाजूला किती पाणी प्याले, दुसऱ्या बाजूला किती लघवी झाली. त्यासाठी एक प्लास्टिकचं भांडं दिलं, उभं, बाहेरून आकड्यांच्या रेघा असलेलं. पाण्याची बाजू सोपी होती. दुसऱ्या बाजूला आमचं घोडं अडलं. मालकांनी भांड्याकडे पाहिलं, समोरच्या खाटांवरच्या बायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते तिकडं ठिव." ऑक्सिजनचा मास्क दोन मिनिटं काढून भिंतीला धरत धरत ते मोरीत जायचे. मीही कधी म्हटलं नाही, की अहो, भांडं घेऊन जा. चाळीस वर्षांच्या संसारात असलं काही मी त्यांना विचारलं नव्हतं. आता आठ खाटांच्या देखत कुठं विचारणार?

आमच्या शेजारच्या खाटेजवळ एक मुसलमान मावशी होत्या, सगळे त्यांना खाला म्हणायचे, बांगड्यांचं दुकान असलेल्या घरातल्या. त्यांचे मियाँ खाटेवर. चादर आडवी धरून त्या भांडं लावायच्या, उजेडात धरून एक डोळा मिटून बघायच्या आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडायच्या, "सिस्टर, दो सौ! कल से पचास ज्यादा!" जणू नातू पास झाला.

मी तोंडाला पदर लावून हसायची. एकदा त्यांनी मला पकडलं.

"हसताय कायकू आपा? शरम कायकी? पानीच तो है."

"आमच्यात असं न्हाई चालत," मी म्हणाले. कोणत्या 'आमच्यात', ते मलाही ठाऊक नव्हतं.

तर रकाना. सकाळी सहाचा, दहाचा, दोनचा, सहाचा. मी विचार केला, माणूस साधारण किती जात असेल? सहाला दोनशे पन्नास लिहिलं. दहाला तीनशे. सगळं सारखंच दिसू नये म्हणून दोनला दोनशे ऐंशी. अशी हुशार! नर्सबाई घाईघाईत यायची, विचारायची, "मॅडम, चार्ट पूर्ण ना?" मी म्हणायची, "पूर्ण." एकदा तर ती म्हणाली, "सगळ्या हॉलमध्ये तुमचाच चार्ट नीट वाचता येतो." त्या दिवशी मी रेघा पट्टीनं मारल्या.

तिसऱ्या दिवसापासून मालक मोरीत जाईनासे झाले. सकाळी एकदा, मग थेट संध्याकाळी, तेही गेल्या पावली परत. माझ्या लक्षात आलं होतं. आलं नव्हतं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण आलं होतं. मी मनाशी म्हटलं, पोटात काही जात नाही तर होणार कुठून? आणि दोनशे पन्नास लिहिलं. चौथ्या दिवशी त्यांचे पाय चेपताना माझ्या अंगठ्याचा खड्डा घोट्यावर तसाच राहिला. कणकेत राहतो तसा. मी त्यावर चादर ओढली. पाय लोंबते ठेवून बसतात म्हणून सूज आली असेल, असं त्यांनाच ऐकवलं. ते माझ्या हातातल्या पेनाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. तरुण पोरगी, बोलण्यावरून बिलोली-देगलूरकडची. रक्त रोज काढत नव्हते, लॅबवर गर्दी होती. आदल्या दिवशीच्या रक्ताचा रिपोर्ट तिच्या हातात होता. एकदा ती त्यात बघायची, एकदा माझ्या कागदात.

"क्रिएटिनिन एवढं वाढलंय, अन् लघवी तर छान होऊन राहिली. मॅडम, हे तुम्ही मोजलं?"

"हो."

"भांडं दाखवा बरं."

मी खाटेखालून भांडं काढून दिलं. आत कोरडं ठणठणीत. बाहेर आकड्यांच्या रेघांवर दुकानातला किमतीचा कागद चिकटवलेला होता, तो तसाच. शंभरच्या पुढची एकही रेघ दिसत नव्हती.

तिनं नखानं तो कागद सोलला. बराच वेळ लागला, किंवा मला तसं वाटलं.

"आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि माझं मॅडमपण तिथं संपलं. "हा आजार छातीत शिरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तो किडनीलाही धरतो. रक्तात दिसायच्या आधी पुष्कळदा लघवी कमी झालेली दिसते. तेवढ्यासाठी हा कागद होता."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, "मी खरं लिवलं असतं तर?"

"सांगता येत नाही. कदाचित एवढं झालं नसतं. कदाचित झालंच असतं."

हे 'सांगता येत नाही' अजून माझ्याजवळ आहे. 'हो' म्हणाली असती तर एकदाची रडून मोकळी झाले असते. 'नाही' म्हणाली असती तर आज हे लिहायला बसले नसते.

डायलिसिस लागणार होतं. करोनाच्या पेशंटला लावायचं मशीन नांदेडात त्या दिवशी आम्हाला मिळालं नाही, लातूरला जागा झाली. रुग्णवाहिका लोह्यावरूनच गेली. आमच्या गल्लीचं वळण आलं तसे मालक मास्क वर करून म्हणाले, "टाकीची मोटार बंद केलीस ना?" मी म्हटलं, केली. हे तेवढं खरं होतं.

लातूरला तीन आठवडे काढले. जवळच्या मुरुडहून नणंद डबा पाठवायची आणि फोनवर सगळ्या नातेवाइकांना सांगायची, "वहिनींनी लई सेवा केली हो, लिहून-पुसून सगळं." मी ऐकून घ्यायची. आत मशीन त्यांचं रक्त बाहेर काढून धुऊन परत देत होतं आणि बाहेर मी सेवा केलेली बाई म्हणून बसले होते.

किडनी परत चालू झाली, पण अर्धीमुर्धी. मशीन सुटलं आणि नियम मागे लागले. मीठ कमी, डाळ कमी, पाणी मोजून. ज्या माणसानं जन्मभर कालव्याचं पाणी मोजलं, त्याला मी दिवसाला सहा ग्लास मोजून देऊ लागले. स्टीलच्या ग्लासाला त्यांनी स्वतः खिळ्यानं आतून रेघ मारली. "ही पातळी," म्हणाले, "हिच्या वर तुझी माया नको." आणि यावेळी मी खरंच मोजत होते. वहीत लिहीत होते, दोन्ही बाजू. आता ते भांडं वापरायचे, न लाजता. मीही उजेडात धरून एक डोळा मिटून बघायची. मग खाला आठवायच्या. त्यांचे मियाँ घरी गेले का नाही, ते मी कधी विचारलं नाही. फोन नंबर घ्यायचंही सुचलं नव्हतं.

असे ते अडीच वर्षं जगले. मग एका सकाळी हृदयानं गेले, खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, किडनी अशी असली की हृदयावर ताण येतो. मी मान हलवली.

पण जायच्या आधी, एका उन्हाळ्यात, दुपारी मी त्यांना सांगून टाकलं होतं. उन्हानं त्यांचा घसा वाळला होता, ते मटक्याकडे बघत होते, आणि मला एकदम ते बघवेना. म्हटलं, अहो, नांदेडच्या दवाखान्यातला तो कागद मी मनानं लिहिला होता. सगळा. ते तुमच्यापासून लपवलं. तुमच्या या सहा ग्लासांना मी कारण आहे.

ते मटक्याकडेच बघत बोलले.

"मला तवाच ठावं होतं. भांडं मी हातात बी धरलं न्हवतं अन् तू तीनशे लिवून राहिली होतीस. म्हनलं, लिवू दे, ती पोरगी तुला मॅडम म्हनून राहिली हाय, तुझी मान लई दिसांनी ताठ हाय. अन् पातळी उतरून राहिली हे मला कळत न्हवतं व्हय? मी बी बोललो न्हाई, लाजंनं. आता ऊठ, माझा चारचा गिलास राहिलाय."