रिकाम्या ताटाचं वजन

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या छापखान्यात एका पत्रकाची प्रुफं तपासत होतो. शिरूर अनंतपाळला पोचलो, तर तालुक्याच्या बालविकास कार्यालयातल्या साहेबांचा हार माझ्याआधी दारात येऊन पडलेला. ज्या माणसाने तिला तीनदा कार्यालयातून परत पाठवलं, त्याचा हार! सोबतच्या कार्डावर छापलं होतं, ‘यंत्रांवर माया करणारी भगिनी’. संगीताआत्याने यंत्रावर माया कधीच केली नाही. ती यंत्रावर संशय घ्यायची...

तिचं इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्तीचं दुकान होतं. गेल्या वर्षी एक अंगणवाडी सेविका बाळांच्या काट्याची बॅटरी बदलायला आली. तिच्याबरोबर लेकीला कडेवर घेतलेली एक आई होती. काटा सुरू झाला, सेविका निघाली, तेवढ्यात ती आई म्हणाली, “ताई, माझी लेक वाळून राहिली अन् तुमचा काटा वाढून राहिलाय. ह्ये कसं?”

आत्याने कापडात गुंडाळलेलं दोन किलोचं पितळी वजन काढून काट्याच्या ताटात ठेवलं. काट्याने दाखवलं दोन किलो शंभर ग्रॅम.

ताटाखालची धातूची पट्टी भाराने किंचित वाकते आणि त्यातून विजेचा इवलासा इशारा निघतो. अ‍ॅम्प्लिफायर तो ठरावीक पटीने मोठा करतो, मायक्रोकंट्रोलर त्याचे ग्रॅम करतो. ही पट कागदावर एकच असली तरी प्रत्यक्षात प्रत्येक काट्याची थोडी वेगळी निघते. म्हणून प्रत्येकावर माहीत असलेलं वजन ठेवून त्याचा स्वतःचा आकडा भरावा लागतो. पुरवठादाराने एकाच काट्याचा आकडा काढला आणि तोच सगळ्यांत भरला. रिकामा काटा तरीही शून्यच दाखवतो, कारण शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच. चूक वाढते ती भाराबरोबर. आठ किलोचं लेकरू आठ किलो चारशे ग्रॅमचं दिसतं आणि कुपोषितांच्या यादीतून गळतं.

आत्या कार्यालयात गेली. साहेबांनी रिकाम्या काट्याकडे बोट दाखवलं. “शून्य येतंय न्हवं? मग काटा बरोबर हाय.” एवढ्या विद्वत्तेवर हे गृहस्थ कुपोषण हटवल्याची शाल पांघरून बसले होते.

“साहेब,” आत्या म्हणाली, “रिकामं ताटच मोजायचं तर लेकरं कशाला बोलावता?”

मग मी शहाणपणा केला. पत्रक काढलं, ‘काटे लेकरांचं वजन दीडपट दाखवतात!’ शंभर ग्रॅमने कुणाचं रक्त उसळेल, असं मला वाटलं नाही. साहेबांनी भर बैठकीत एकच लेकरू आधी दवाखान्याच्या आणि मग अंगणवाडीच्या काट्यावर ठेवून दाखवलं; फरक थोडकाच. दीडपट कुठलं असायला... अख्खी तक्रार खोटी ठरली आणि काटे परत मागवायचे राहून गेले. त्या माणसाबद्दलची घृणा मी लपवणार नाही, पण हत्यार त्याला मीच दिलं होतं.

आत्याने पत्रक वाचून त्याची घडी घातली. “तुझ्यात अन् त्या काट्यात फरक काय रे? भार पडला की दोघंबी वाढवून सांगता.”

त्यानंतर पिशवीत वजन घालून ती एसटीने गावोगाव फिरली. छातीत दुखायचं, तरी फिरली. पहिला काटा तिने त्या लेकीच्या गावचा दुरुस्त केला. लेकीचं खरं वजन नोंदलं गेलं, नाव यादीत चढलं, लातूरच्या दवाखान्यात उपचार झाले. आत्याच्या मातीला ती मुलगी आईचं बोट धरून चालत आली होती.

आत्याच्या वहीत गावांची नावं आहेत आणि झालेल्या गावांपुढे खूण. शेवटची नऊ गावं कोरी आहेत. गेल्या सोमवारी मी त्यातल्या पहिल्या गावी गेलो.

“तुम्ही कोण?” सेविकेने विचारलं.

“संगीताताईंचा भाचा.”

ताटात पितळी वजन ठेवलं. दोन किलो ऐंशी ग्रॅम आलं. वहीत लिहिताना पेन शंभराकडे निघालं होतं... ऐंशीच लिहिलं.