गलाईवाल्या अण्णांचा हेडसेट

अण्णांच्या हातात काहीही द्या, ते आधी तळहातावर घेऊन दोनदा वरखाली करायचे आणि डोळे मिटायचे. वांगं असो, कुलूप असो, लग्नाची पत्रिका असो. आमची मुलगी झाली तेव्हा मिरजेच्या दवाखान्यात तिलाही त्यांनी तसंच हातात घेतलं आणि नर्सच्या आधी वजन सांगून टाकलं. ते चुकलं. तेव्हा त्यांनी शांतपणे सुचवलं की दवाखान्याने आपला काटा एकदा तपासून घ्यावा.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे, सुनंदाचे थोरले भाऊ. विट्याचे. तिकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत; जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं, त्याला गलाई म्हणतात. अण्णांनी उभी हयात कोइमतूरच्या एका गल्लीत भट्टीपुढे काढली. वहिनी गेल्या, मग गुडघे गेले, तेव्हा दुकान मुलाच्या, किरणच्या हवाली करून ते विट्याच्या घरी परतले. धंदा सुटला, पण नजर तीच राहिली. समोरची प्रत्येक वस्तू आणि बहुतेक माणसं त्यांच्या लेखी भेसळीचा माल होती. "दाजी, वरनं समदंच चकाकतंय," ते म्हणायचे, "आटवल्याबिगर कळत न्हाई."

माझी रीत वेगळी. काही घ्यायचं झालं की मी माहिती काढतो, तीन-चार वस्तू शेजारी शेजारी मांडतो, गरज आणि किंमत बघून एक ठरवतो आणि मग तिचा विचार सोडून देतो. अण्णांबरोबर हे कधीच जमलं नाही. त्यांच्यासोबत पायातली चप्पल घ्यायला गेलं तरी दुपार मोडायची. ते चप्पल वाकवायचे, हुंगायचे, दुकानदाराला त्याचं गाव विचारायचे आणि शेवटी न घेता बाहेर यायचे. बाहेर आल्यावर मला म्हणायचे, माणूस बरा हाय, माल न्हाई.

अशा माणसाला एके दिवशी गेम खेळायचा हेडसेट हवा झाला.

कारण होतं तन्वी, किरणची मुलगी. ती कोइमतूरलाच जन्मली आणि तिकडच्याच शाळेत गेली. मराठी बोलते, पण तमिळच्या चालीवर, आणि आजोबांना तिकडच्यासारखं तात्ता म्हणते. अण्णा विट्याला आल्यावर फोनवर तिला बोलायला काही सुचेना. जेवलीस का, शाळा कशी आहे, झालं. मग तिनेच त्यांना एका खेळात ओढलं. किरणचा जुना लॅपटॉप विट्याला आला. ठोकळ्यांचं एक जग असतं, त्यात खाणी खणायच्या, घरं बांधायची. रविवारी सकाळी ती तिकडून आणि अण्णा इकडून एकाच गावात हिंडायचे. त्या खेळात सोनंही सापडतं आणि ते भट्टीत टाकून शुद्ध करता येतं. अण्णांनी त्यावरही माझं डोकं खाल्लं. म्हणे, भट्टीत जेवढं टाकलं तेवढंच भाईर आलं, घट कुठं गेली? असला हिशेब दिला असता तर गिऱ्हाइकानं दुकान जाळलं असतं.

पण अण्णांच्या घराला लागून यंत्रमागांची शेड आहे. रविवारीसुद्धा खटखट चालू. त्यात भट्टीच्या पंख्याशेजारी आयुष्य गेल्याने अण्णांचे कान आधीच मंदावलेले. तन्वी तिकडून ओरडायची, तात्ता, मागे बघा. अण्णा सावकाश विचारायचे, काय म्हणलीस? तोवर त्यांचा माणूस खड्ड्यातल्या लाव्हारसात पडून त्याच्याकडचं सगळं सोनं बुडालेलं असायचं. आणि तिला तर त्यांचा आवाजच कळायचा नाही, नुसते माग ऐकू यायचे. शेवटी एका रविवारी ती म्हणाली, तात्ता, तुमच्यासोबत खेळायला मजा येत नाही, मी माझ्या मैत्रिणीशीच खेळते.

हे सांगायला अण्णा एसटीने सांगलीला आले. चहा थंड झाला तरी बशीत ओतला नाही. सुनंदाने समजूत काढली की लहान आहे ती, उद्या विसरेल. अण्णा म्हणाले, "व्हय, ईसरंलच की. त्येचंच तर भ्या हाय."

मग मी कामाला लागलो. दोन हजारांच्या आत काय मिळतं ते पाहिलं. तोंडापाशी येणारा माइक हवा, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज घेतो आणि लांबचा सोडतो. कानावर पूर्ण बसणारी गादी हवी, म्हणजे बाहेरचे माग आत येणार नाहीत. ती रेक्झिनची नको, कापडाची हवी, नाहीतर विट्याच्या उन्हाळ्यात कान उकडतील. लॅपटॉपला एकच गोल भोक आहे, तर पिनही एकच हवी. आणि मुख्य म्हणजे वजन कमी हवं, कारण अण्णांना चष्मा आहे आणि जड हेडसेट चष्म्याच्या काड्या कानामागे रुतवतो. या सगळ्यात बसणारा एक काळा, साधा, दिवेबिवे नसलेला हेडसेट मिळत होता. मी तो घरबसल्या मागवणार होतो. अण्णांनी माझा फोन पालथा घातला. न बघता घेतला माल आमच्यात चोरीचा समजत्यात, म्हणाले.

म्हणून आम्ही सांगलीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. दुकान चालवणाऱ्या बाई सोशीक होत्या. मी ठरवलेला हेडसेट त्यांच्याकडे होताच. अण्णांनी तो तळहातावर घेतला, दोनदा वरखाली केला, डोळे मिटले आणि काउंटरवर ठेवून दिला. "हलका हाय." मी सांगितलं, हलकाच हवाय. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पितळेची अंगठी घालून लग्नाला निघालो होतो. मग त्यांनी शेजारचा उचलला. लाल-निळे दिवे, मोठाले कान, आणि वजन म्हणाल तर नारळाचं. त्यांचा चेहरा खुलला. खिशातून कसोटीचा काळा दगड काढून त्यांनी त्या हेडसेटची पट्टी त्यावर घासली. बाई म्हणाल्या, आजोबा, ते प्लॅस्टिक आहे, वर नुसता रंग आहे. अण्णा म्हणाले, ते कळंलच आता.

मी गादीचं सांगितलं, चष्म्याचं सांगितलं, माइकचं सांगितलं. दोन्ही डबे उलटे करून त्यावरचे आकडे वाचून दाखवले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दाजी, कागदावर वजन घालाय काय लागतंय?" जड माल घेतला गेला.

घरी आल्यावर मी जेवायला हात धुवायला गेलो. परत येईपर्यंत अण्णांनी सुनंदाकडून स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला होता. एक कान उघडून आतला भाग पेपरवर मांडला होता. आत लोखंडाचा एक चपटा तुकडा चिकटवलेला निघाला. त्याचा आवाजाशी काही संबंध नव्हता, नुसतं वजन. ते पाहून माणसाने तिथे थांबायचं. अण्णा थांबले नाहीत. त्यांनी वायर कापली, टोक सोललं आणि गॅसच्या शेगडीवर धरलं. तांब्याचं पाणी दिलेली दुसरीच कसलीतरी तार निघाली. स्वयंपाकघरात जळक्या वासाचा धूर झाला आणि अण्णा त्यात विजयी मुद्रेने उभे होते.

"खोटा निघाला," ते म्हणाले.

मी म्हणालो, "अण्णा, खोटा होता, पण चालत होता. आता तो बंद आहे. कापलेला माल दुकान परत घेत नाही."

"पन कळलं का न्हाई?"

माझा आवाज चढला असावा, कारण सुनंदा मधे आली. मी म्हणालो, सोनं आटवलं तरी सोनंच राहतं. ही वस्तू आटवली की संपली. हिला वापरूनच बघायचं असतं. अण्णांनी तो लोखंडाचा तुकडा उचलून तळहातावर घेतला. त्यांच्या आयुष्यात असा माल आलाच नव्हता. त्यांच्या धंद्यात खात्री करून घेताना काही गमवावं लागत नसे; घट यायची ती भेसळीची. उलट खात्री केल्यावरच काय ते हाती लागे.

दुसऱ्या दिवशी मी एकटा जाऊन तो हलका हेडसेट घेऊन आलो आणि डबा माझ्याच पिशवीत ठेवला. रविवारी आम्ही विट्याला गेलो. लॅपटॉपला पिन लावून होईपर्यंत मी स्क्रू-ड्रायव्हर घरात कुठे आहे तेही विचारून घेतलं आणि तो माळ्यावर टाकला. अण्णांनी हेडसेट चढवला. हलका हाय, एवढं एकदा म्हणून घेतलं. माग नेहमीसारखे चालू होते. मला स्वतःचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

तन्वी फार आढेवेढे घेऊन लॅपटॉपच्या पडद्यावर आली होती. किरणने तिला बसवलं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. अण्णांनी विचारलं, ऐकू येतंय का? तिने मान वर केली. आणि अण्णांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनाही ती नीट ऐकू आली आहे, बहुधा पहिल्यांदाच. ते वाकले आणि हसले. मग कानावरची एक बाजू उचलून मला म्हणाले, "इचारतीया, माग बंद पडलं का म्हनून."

मी म्हणालो, सांगा तिला, माइक चांगला आहे. त्याच्यासाठीच तर घेतलाय.

अण्णांनी सांगितलं. पण तिचं समाधान होईना. ती म्हणत होती की तात्ता दुसरीकडेच कुठेतरी आहेत असं वाटतंय. अण्णांनी हेडसेट काढला. माइकचा दांडा हातात धरून, वायर पुरेल तेवढं खिडकीकडे सरकले आणि माइक गजांच्या बाहेर काढून धरला. मी किती शोधून तो माइक निवडला होता ते मलाच माहीत. थोड्या वेळाने परत येऊन त्यांनी हेडसेट कानाला लावला, ऐकलं आणि मला म्हणाले, "आता म्हनती, हां, तात्ता घरी हायत." मग ते दोघं सोनं खणायला गेले. मी घरी जायची एसटी चुकवली.

त्यानंतर दोनेक वर्षं त्यांचे रविवार बिनबोभाट चालले. हेडसेटला काही झालं नाही. झालं असतं तर मला कळवलं गेलं असतं. पुढे अण्णांना जिना चढवेना, तेव्हा किरण येऊन त्यांना कायमचं कोइमतूरला घेऊन गेला. निघताना अण्णांनी घराची किल्ली माझ्या हातावर ठेवली. मी ती नुसती खिशात टाकली, तर म्हणाले, बघून घ्या दाजी. बघायचं काय त्यात, किल्ली होती. तरी मी ती तळहातावर घेऊन दोनदा वरखाली केली. तेव्हा कुठे ते गाडीत बसले.

आता महिन्यातून एकदा मी विट्याला जाऊन टाकी, मीटर आणि छप्पर बघून येतो. गेल्या खेपेला मी तिथे असताना अण्णांचा फोन आला. खेळाची वेळ होती, मागून तन्वी हाका मारत होती. त्यांनी टाकीचं विचारलं, छपराचं विचारलं आणि मग म्हणाले, जरा खिडकी उघडा. मी उघडली. फोन बाहेर धरा. धरला. माग खणखणीत चालू होते. फोन कानाला लावला तर अण्णा विचारत होते, "बंद हायत व्हय?"

हल्लीचे फोन बोलणाऱ्याचा आवाज ठेवतात आणि मागचा गोंधळ आपणच गाळून टाकतात. हे गाळणं म्हणजे काय हे मी अण्णांच्या हेडसेटपायीच शिकलो होतो. आता फोनमध्ये ते बंद कुठून होतं ते शोधत मी त्यांच्या रिकाम्या खोलीत चष्मा कपाळावर चढवून उभा राहिलो. वैताग आला. पण सापडलं. स्पीकर चालू करून फोन पुन्हा गजांबाहेर धरला. पलीकडून काही बोलणं येईना. तन्वीच्या हाकाही थांबल्या होत्या. मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी हात आत घ्यायला लागलो.

"दाजी," फोनमधून आवाज आला, "धरा तसाच. हात दुखला तर हात बदला."

मी हात बदलला.