मुर्ध्याचा खंड्या

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण काल वर्गात पुन्हा एकदा तावातावाने व्याख्यान झोडलं — आणि घरी येईपर्यंत माझाच मला संताप आला.

मी भाईंदरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. जुन्या गोऱ्या शोधकांवर माझा भारी राग. बोटीने यायचे, दिसेल तो पक्षी गोळी घालून पाडायचे, पोटात कापूस भरून विलायतेच्या संग्रहालयात धाडायचे — आणि याला म्हणे ज्ञान! कसलं ज्ञान? नुसता हावरटपणा. मुलं टाळ्या वाजवतात.

आणि मी काय केलं?

हिरामावशी जवळच्याच मुर्धा गावची. खाडीतले खेकडे, म्हणजे चिंबोऱ्या, आणून आमच्या गल्लीत विकते. काही वर्षांपूर्वी एका सकाळी तिने पाटीतून एक खंड्या आणला — काळं डोकं, निळी पाठ, लालभडक चोच. जाळ्यात अडकून पंख दुखावलेला. चिंबोऱ्या जित्या राहाव्यात म्हणून त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकतात, तसंच तिने त्याच्यावरही टाकलं होतं. "मास्तर, तुमाला कलतं यातलं. याला वाचवा."

वाचला असता तो. पंख सुजला होता, मोडला नव्हता. माझ्या बोटाला चांगली चोच मारली त्याने. पक्ष्यांचा दवाखाना रिक्षाच्या अंतरावर होता. पण आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात खंड्या नव्हता — आणि इतका देखणा पुन्हा कुठे मिळणार? बरणीत मीच ठेवला. क्लोरोफॉर्मचा बोळा मीच टाकला. कापूसही मीच भरला.

बरं, तेवढ्यावर तरी थांबावं? दुसऱ्या दिवशी मावशीने विचारलं, तर मी म्हणालो, ओल्या गोणपाटाने गारठला तो. काय गरज होती? नुसतं 'मेला' म्हटलं असतं तर जीभ झडली असती? मारला मी, आणि पाप घातलं तिच्या पदरात — तेही मास्तरकीच्या, समजावणीच्या सुरात! ती पाटी उचलून, काही न विकताच गेली.

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगखाली मांज्यात गुरफटलेला बगळा पडला होता. मावशी शेजारीच बसलेली. म्हटलं, जरा धर, मी मांजा कापतो. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"न्हाय मास्तर. माज्या हाताला येश न्हाय."

खरं सांगायची हीच वेळ होती. मी वॉचमनला हाक मारली.