जमिनीखालचा विषय

माझी मुलगी हसताना तोंडावर हात ठेवायला लागली, तेव्हा ती चौथीत होती. आधी मला वाटलं, शाळेतून एखादी लकब उचलली असेल. मग एका लग्नात सगळ्या पोरी फोटोसाठी उभ्या राहिल्या. फोटोवाला म्हणाला, "हात काढ व बेटा," तर ही रांगेतून निघून माझ्या मागे येऊन लपली. घरी आल्यावर हुंदके देत सांगितलं. वर्गातली मुलं तिला 'पिवळी' म्हणत होती.

दुधाचे दात तिचे छान पांढरे होते. नवे आले ते डागाळलेलेच आले, पिवळट, मधून मधून तपकिरी पट्टे. धाकट्याचे समोरचे दात नुकते येत होते आणि त्यांवरही खडूसारखे ठिपके दिसायला लागले होते. मीठ झालं, लिंबू झालं, कुणी सांगितलेली राख झाली. शेवटी दोघांना चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दोघांची तोंडं पाहिली आणि विचारलं, "गाव कोणतं?"

मी सांगितलं, राहतो राजुऱ्याला, पण मुलं जन्मली आणि वाढली ती कोरपन्याकडच्या माझ्या सासरी. नवरा एसटीत कंडक्टर. त्याची राजुरा डेपोला बदली झाली तेव्हा आम्ही गाव सोडलं.

"गावात पाणी कुठलं प्यायचात?"

"बोरिंगचं." हातपंपाला आमच्याकडे बोरिंगच म्हणतात.

"मग हे घासून जाणार नाही, ताई. पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की दात आतून असेच घडतात. तिकडची पुष्कळ मुलं येतात माझ्याकडे."

"पण माझं माहेर तिथून जवळच आहे. तेही बोरिंगचंच पाणी पितात. तिथल्या पोरांचे दात चांगले आहेत. असं काऊन?"

डॉक्टर हात धुवत होते. म्हणाले, "ते मला नाही सांगता येणार. माझं काम तोंडापुरतं. ते जमिनीखालचं काम आहे."

मी बारावी सायन्स पास होते. मार्क बरे होते. पण निकाल लागला त्याच उन्हाळ्यात लग्न झालं, आणि पुस्तकं माहेरच्या माळ्यावर राहिली. त्याचं दुःख करत बसले नव्हते. राजुऱ्याला आल्यावर मात्र नवऱ्यानेच विषय काढला होता, की मुलं आता शाळेत जातात, तर तू बी.ए. कर, मग बी.एड., कुठेतरी शिक्षिका म्हणून लागशील. मला पटलं होतं. तहसीलमधून गॅप सर्टिफिकेटसुद्धा काढून ठेवलं होतं.

तर त्या जूनमध्ये आम्ही दोघं चंद्रपूरच्या कॉलेजात गेलो. नवरा बाहेर कडुलिंबाखाली थांबला आणि मी खिडकीपाशी गेले. आतल्या बाबूने माझ्याकडे पाहिलं, मंगळसूत्राकडे पाहिलं आणि स्वतःच सांगून टाकलं, "बी.ए. ना? मराठी, समाजशास्त्र, होम इकॉनॉमिक्स. तुमच्यासारख्या बाया हेच घेतात. सोपं जाते."

मी म्हटलं, "माझी बारावी सायन्सची आहे. सायन्सला काय काय आहे?"

त्याने कंटाळून माहितीपुस्तक पुढे सरकवलं. विषयांचे गट होते. एका गटात रसायनशास्त्राच्या शेजारी भूगर्भशास्त्र असं छापलेलं होतं. मी बोट ठेवून विचारलं, "यात काय शिकवतात?"

"दगड." तो हसला. "खाणीत नोकरी पाहणारे पोट्टे घेते ते."

"आणि पाणी?"

"ते मले नाई माहीत. विचारा तिकडं, शेवटच्या खोलीत."

शेवटच्या खोलीत भिंतभर कपाटं आणि कपाटांत नुसते दगड. विभागप्रमुख सर खुर्चीवर बसून एका दगडावर पांढऱ्या रंगाने आकडा घालत होते. मी दारातूनच माझा प्रश्न विचारला. दोन गावं शेजारी, दोन्हीकडे बोरिंग, मग एकीकडची मुलं चांगली आणि दुसरीकडची अशी का?

सरांनी दगड खाली ठेवला. "पावसाचं पाणी खाली मुरतं," ते म्हणाले. "मग ज्या खडकात थांबतं त्याचे क्षार घेतं. जितकं खोल आणि जितके दिवस, तितकं जास्त. वरून गावं शेजारी दिसतात. खाली खडक वेगळा असू शकतो, बोअरची खोली वेगळी असू शकते. पाहिल्याशिवाय सांगता येत नाही."

"हे पाहायला शिकवता तुम्ही?"

"तिसऱ्या वर्षाला पाण्याचा भाग आहे. पण बाई, तुम्हाला मुलं किती?"

"दोन."

"या विषयाला फील्डवर्क असतं. आठवडाभर बाहेर, उन्हात, हातोडा घेऊन. एखादी मुलगी येते ती पुढच्या वर्षी विषय बदलते."

"मी नाही बदलणार."

"सगळ्या असंच म्हणतात."

"मग मलाही एकदा पाहा."

बाहेर आले. नवऱ्याने विचारलं, "भरला का फॉर्म?"

"भरते. पण बी.एस्सी.चा. भूगर्भशास्त्र."

तो बघतच राहिला. "हे काय काढलं नवीन? शाळेत हा विषय कुठी हाय? त्यानं मास्तरीण होशीन का तू?"

"नाई होणार."

"मंग काऊन?"

"पोरांच्या दाताचं कारण मले कळलं पाहिजे."

"कारण कळून दात पांढरे होतीन का?"

त्याचा प्रश्न खोटा नव्हता. मग म्हटलं, "आपल्या पोरांचे नाई होणार. पण गावात अजून पोरं जन्माले येऊन राह्यले ना."

"रोजचं जाणंयेणं, प्रॅक्टिकल. घरी कोण पाहीन?"

"तुमच्या आईले आणू. त्या नाई आल्या तर दुसरं काही पाहू. विषय हाच घेईन."

तो हो म्हणाला नाही. टाचेने माती उकरत उभा राहिला आणि मग म्हणाला, "जा मंग. खिडकी बंद होईन."

सासूबाई आल्या. गाठोडं खाली ठेवायच्या आधीच त्यांनी मला सुनावलं, "दगडं फोडाले तर गिट्टी खदानीतल्या बायाही जाते. त्याइले कालेज नाई लागत." मग त्या राहिल्या. रोज सकाळी मी बसला निघताना त्या कुरकुरत आणि रोज संध्याकाळी मी येईपर्यंत मुलांना खाऊ घालून, त्यांची तोंडं धुऊन ठेवत. कुरकुर मी ऐकून घ्यायचे. ती ऐकणं माझ्या अभ्यासाचाच भाग आहे, असं मी ठरवून टाकलं होतं.

पहिलं वर्ष फार जड गेलं. सगळं इंग्रजीत. वर्गातली मुलं माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी वाटायची आणि मला 'काकू' म्हणायची. पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात मी नापास झाले. तो पेपर घेऊन बसमध्ये बसले तेव्हा गाडीत नवराच ड्यूटीवर होता. त्याने पेपर पाहिला, सगळ्यांना तिकिटं दिली, परत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "अजूनही बी.ए. होऊ शकते." मी मान हलवली, नाही. त्यानंतर राजुऱ्यापर्यंत मी त्याच धड्याची गणितं सोडवत गेले. वार्षिक परीक्षेत सुटले. थोडक्यात, पण सुटले.

एकदा मी खडकांची नावं मोठ्याने पाठ करत होते. मुलगी शेजारी बसून वहीवर रेघा ओढत होती. अचानक म्हणाली, "आई, माह्या दातासाठी तू कालेजात जाऊन राह्यली का?"

"हो."

"मंग माहे दात चांगले होतीन?"

मला खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "नाही बेटा. जे झालं ते नाही जाणार. मोठी झाल्यावर डॉक्टर वरून काही करून देतील. पण हे तुझ्या हातून झालं नाही, आणि कशामुळे झालं ते मी शोधून काढणार."

तिने माझ्या हातातलं पुस्तक घेतलं आणि म्हणाली, "मी विचारते. तू सांग." तेव्हापासून माझी पाठांतरं तीच घ्यायची. इंग्रजी नावं ती अशी काही म्हणायची की मला हसू आवरायचं नाही.

दुसऱ्या वर्षी फील्डवर्क आलं. मुक्काम मार्कंड्याला, वैनगंगेच्या काठचे खडक पाहायला. माझ्यासोबत एकच मुलगी होती, तिच्या वडिलांनी ऐन वेळी नाही म्हटलं. सरांनी मला बोलावलं. "सगळी मुलं आणि तुम्ही एकट्या. सोबतीला बाईमाणूस नसेल तर मी जबाबदारी घेऊ शकत नाही. आणि फील्डवर्क नाही तर परीक्षा नाही." ते चिडून बोलले नाहीत, वाईट वाटून बोलले. पण अर्थ एकच होता.

घरी आले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले आणि म्हटलं, "मार्कंड्याले येता का? दर्शन होईन."

"कोणासंगं?"

"कालेजच्या गाडीत. माह्यासंगं."

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मार्कंड्याच्या जत्रेला त्यांना कितीतरी वर्षं जायचं होतं आणि दर वर्षी काहीतरी आडवं येत होतं. "अन् पोट्ट्याइले?"

"त्याइचा बाप पाहीन. रजा टाकतीन."

बापाला हे जेवताना कळलं. तो जेवायचा थांबला, आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हणजे तुमच्या दोघींचं ठरलं हाय." रजा टाकली.

असं आमचं फील्डवर्क झालं. नऊवारी लुगडं नेसलेल्या सासूबाई कॉलेजच्या गाडीत पुढच्या सीटवर. पहिल्या दिवशी मुलं संकोचली, दुसऱ्या दिवशी त्यांना 'आजी' म्हणायला लागली. आम्ही खडकावर हातोडे मारत असलो की त्या सावलीला बसून आमच्या पिशव्या सांभाळायच्या. पहाटे मंदिरात जाऊन यायच्या. एका दुपारी सर पाणी आणि खडक असं काही समजावत होते, तर त्या मागून म्हणाल्या, "मास्तर, म्हणजे बोरिंगचं पाणी वाईट म्हणता का तुम्ही? ते आलं तवा आम्ही नारळ फोडला होता. त्याच्या आधी नाल्यावरच्या विहिरीचं प्यायचो, तर दर पावसाळ्यात पोट्ट्याइले हगवण लागे."

सर म्हणाले, "वाईट असेलच असं नाही, आजी. तपासावं लागेल."

परतताना गडचिरोली मागे पडल्यावर त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आपल्या गावचं तपास मंग."

तिसऱ्या वर्षी मी तेच काम घेतलं. सासरच्या आणि माहेरच्या गावातल्या विहिरी आणि बोरिंगांचं पाणी धुतलेल्या बाटल्यांमध्ये भरून आणलं. कोणतं किती खोल, कधी खोदलं, खालून कोणता दगड निघाला, हे लोकांना विचारत फिरले. रसायनशास्त्राच्या मॅडमनी सोबत उभं राहून तपासणी शिकवली. सासरचं शाळेजवळचं बोरिंग फार खोल होतं आणि फ्लोराइड सगळ्यांत जास्त तिथेच निघालं. माहेरचं बोरिंग उथळ होतं. सासरच्याच नाल्याजवळच्या जुन्या विहिरीचं पाणीही त्या बाबतीत चांगलं होतं. आकडे पाहून मला आनंद झाला नाही. मी ते बोरिंग स्वतः हापसून मुलांना पाणी पाजलं होतं.

गावात सांगायला गेले तर कोणी खूश झालं नाही. सरपंच म्हणाले, "बाई, बोरिंग बंद केलं अन् उन्हाळ्यात विहीर आटली, तर पाणी तू आणून देशीन का?" एक म्हातारा म्हणाला, आमचेही दात असेच आहेत, आम्ही काय मेलो? मी सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. आंघोळीला, कपड्यांना, गुरांना बोरिंगचं वापरा. लहान मुलांना प्यायला आणि स्वयंपाकाला मात्र विहिरीचं घ्या, गाळून, उकळून. विहिरीत औषध टाका, तिच्या तोंडावर जाळी बसवा. माझी धाकटी जाऊ तेव्हा बाळंत होऊन दोनेक महिने झाले होते. ती सगळं ऐकत दाराशी उभी होती. म्हणाली, "बाई, दूर पडते विहीर. पण मी आणीन." तिने आणलं. काही घरांनी तिचं पाहून आणलं, काहींनी नाही. मे महिन्यात विहीर खरंच आटली आणि सगळे परत बोरिंगवर आले, जाऊसुद्धा. पाऊस पडल्यावर ती पुन्हा विहिरीवर गेली. पुढे काही वर्षांनी दुसरीकडून नळाचं पाणी आलं. ते माझ्यामुळे आलं नाही. सरकारी तपासणी झाली, तीतही तेच निघालं, आणि मग आलं.

मी बी.एस्सी. झाले तेव्हा नवरा निकालाचा कागद घेऊन डेपोत फिरला. नोकरीचं त्याचं म्हणणं मात्र खरं ठरलं. कोणत्याही शाळेला माझा विषय नको होता. अर्ज करत राहिले, 'नाही' ऐकत राहिले. दोन वर्षांनी चंद्रपूरला पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कंत्राटावर लागले. दर वर्षी कंत्राट संपायचं आणि दर वर्षी मी पुन्हा मुलाखतीला जायचे. कोणी विचारलं की बायको काय करते, तर नवरा सांगायचा, "पाणी तपासते," आणि समोरच्याने नुसती मान हलवली तर त्याला राग यायचा.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एटापल्लीकडच्या एका गावाहून दोन बाया आल्या होत्या. दोन बस बदलून आलेल्या, मांडीवर प्लास्टिकची बाटली घट्ट धरून बसलेल्या. अर्धं मराठी, अर्धं गोंडी बोलत होत्या. बाटलीवर काही लिहिलेलं नव्हतं. शिपाई म्हणाला, असं चालत नाही, ग्रामपंचायतीतून या. मी त्यांना आत बोलावलं, बाकावर बसवलं, पेन काढला आणि विचारलं, "बोरिंगचं की विहिरीचं? अन् किती खोल हाय?"