शिमग्याआधी इस्तंबूल

आशियात स्वस्तात आणि सुखरूप कसं फिरावं, हे मला कोणी विचारलं तर मी तासभर बोलू शकतो. पासपोर्ट पिशवीत ठेवू नये, पोटाला बांधावा. स्वतःचे डझनभर फोटो जवळ असावेत, कारण प्रत्येक सरहद्दीवरचा कारकून एक तरी फोटो मागतोच. जिथे ट्रकवाले जेवतात तिथे जेवावं. ज्या गावी उतरायचं त्याचं नाव तिथल्याच लिपीत कागदावर लिहून घ्यावं, म्हणजे आपली जीभ वळली नाही तरी कागद बोलतो. हे सगळं मला तोंडपाठ आहे. मी स्वतः मात्र पुण्याच्या पलीकडे गेलेलो नाही. गेला तो माझा दोस्त, आणि त्याचा जेवढा हेवा मी केला तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाचाच केला नसेल.

तो दहिवलीचा, माझ्याच आळीतला. दोघांच्याही घरी भातशेती. तो सातवीनंतर शेतात राहिला आणि मी मॅट्रिक होऊन महसूल खात्यात कारकून झालो. मधली दोन वर्षं माझी बदली खालापूरला होती. एका रविवारी तो मला भेटायला आला आणि आम्ही हायवेवरच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. तिथे एक गोरं जोडपं आलं. पाठीवर बोचकी, पायात फाटक्या चपला. मी माझं मॅट्रिकचं इंग्रजी बाहेर काढलं. ते जर्मनीहून जमिनीवरून आले होते. विमान नाही, काही नाही. त्या बाईनं नकाशा उलगडला आणि बोटानं दाखवलं की इस्तंबूलला एक पूल आहे, त्याच्या या टोकाला आशिया संपतो. एवढ्या लांब आलात कसे, असं मी विचारलं. ती म्हणाली, एका गावाहून पुढच्या गावाची बस धरायची, तिथून त्याच्या पुढची. हे तर कशेळ्याच्या बाजाराला जाणारी म्हातारीही करते, असं मला वाटलं.

आपणही जायचं, उलट्या बाजूनं, त्या पुलापर्यंत, हे वाक्य पहिल्यांदा मी म्हणालो. तो सांगतो की तो म्हणाला. ह्यावर आमचं अजून एकमत नाही, आणि मी माझं म्हणणं सोडणार नाही.

पुढची चार वर्षं मी तयारी केली. हो, मीच केली. तो रविवारी माझ्याबरोबर मुंबईला यायचा, पण वाचनालयात पुस्तक उघडलं की जांभया द्यायला लागायचा आणि बाहेर पायरीवर जाऊन शेंगा खात बसायचा. वकिलातींना पत्रं मी लिहिली. मुंबईहून आखाताला जाणाऱ्या बोटीत डेकवर जागा मिळते, इराणच्या बंदरात उतरून पुढे बसनं तेहरान, मग तुर्कस्तान, हा मार्ग मी शोधला. एका जाड वहीत सगळं टिपून ठेवलं. कुठे चहाला नाही म्हणणं उद्धटपणाचं आणि कुठे दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचा. कुठे पाहुण्यानं जोडे काढायचे. जुलाब झाले तर साखर-मिठाचं पाणी कसं करायचं. सरहद्दीवर हसू नये, रागावूही नये. चार वर्षांत वही भरली.

कधी निघायचं, हे मात्र आम्ही पुस्तकात पाहिलंच नाही. ते पाहावं लागतं असं दोघांपैकी कोणालाच वाटलं नाही. आमच्याकडे माणूस घर सोडू शकतो तो भात कापून, झोडून, कणगी भरल्यावर. वाल पेरून झाले की शेताला पुरुष माणसाची गरज नसते. शिमगा झाला की राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागी पालापाचोळा जाळायला, परत यावंच लागतं. म्हणजे मार्गशीर्षात निघायचं आणि शिमग्याआधी परत. गावात ज्याला सांगू तो मान डोलवायचा. ‘बराबर हाय. थंडीतच जावं. चिखल नाय, नदीला पूर नाय.’ घाट बंद पडतो तो पावसात, दरड कोसळून, एवढंच आम्हाला ठाऊक. म्हणून मी प्रत्येक देशाचा पावसाळा वहीत लिहून घेतला होता. थंडी म्हणजे आमच्या लेखी एक घोंगडी.

आणीबाणी उठली त्या वर्षी सगळं जमून आलं. दोघांचे पासपोर्ट आले. त्यानं दोन म्हशी विकून तिकीट काढलं आणि मी रजेचा अर्ज दिला. नेमकी विधानसभेची निवडणूक आली आणि महसुलातल्या सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, ‘निवडणूक होऊ द्या, चैत्रात हवी तेवढी रजा घ्या.’ मी संध्याकाळी दोस्ताला सांगितलं. मला वाटलं, तो म्हणेल, मग चैत्रात जाऊ. तो म्हणाला, ‘माझं तिकीट झालंय रं.’ मग म्हणाला, ‘वही देशील ना?’

दिली. नाही म्हणायला तोंड नव्हतं. बोट सुटली तेव्हा मी धक्क्यावर उभा राहून हात हलवत होतो, आणि मनात म्हणत होतो की हा पहिल्याच दिवशी ओकून बेजार होऊ दे.

मग कार्डं यायला लागली. त्याच्या आईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती कार्ड घेऊन माझ्याकडे यायची. ‘वाच रं बाबा,’ म्हणायची आणि ओसरीवर बसायची. तिच्या मागून आळीतल्या चार बायका. कार्डावर निळे घुमट, कारंजी. मागे त्याचं वाकडंतिकडं अक्षर: ‘आई, मी गावाचं नाव त्यांच्या लिपीत लिहून घेतो, म्हणजे चुकत नाही. मी ट्रकवाले जेवतात तिथेच जेवतो.’ बायका म्हणायच्या, ‘किती हुशार गं पोरगा.’ माझीच वाक्यं मी मोठ्यानं वाचत होतो आणि शाबासकी दुसऱ्याला मिळत होती. एका कार्डावर त्यानं लिहिलं होतं, ‘दोस्ताला नमस्कार सांग.’ तेवढंच. ते मी वाचलं नाही. माझा नमस्कार मला मिळाला होता, बायकांना कशाला सांगायचा?

तो इराणच्या बंदरात होता तेव्हाची गोष्ट. मी एका रविवारी सवयीनं मुंबईच्या त्याच वाचनालयात गेलो आणि उगाचच तुर्कस्तानचं पुस्तक काढलं. आधीही ते दोनदा चाळलं होतं. ह्या वेळी एका पानाच्या तळाशी बारीक अक्षरात दिसलं की इराणच्या सरहद्दीपलीकडचे घाट मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत बर्फानं केव्हाही बंद होतात आणि माणसं गाडीतच अडकून मरतात. महिने अर्थात इंग्रजी होते, पण मी ते असेच वाचले. आम्ही निवडलेले सगळे महिने त्यात होते.

त्याच टेबलावर बसून मी पत्र लिहिलं. तेहरानच्या मोठ्या पोस्टात नाव सांगितलं की परदेशी माणसाला पत्र मिळतं, हेही वहीत होतं, आणि तो ते विचारणार हे ठरलेलं होतं. ‘पुढे जाऊ नकोस, घाटात बर्फ आहे, दोन महिने तेहरानात थांब.’ पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं. पोस्टाच्या पेटीपाशी आलो आणि हात थांबला.

का थांबला ते सांगतो. पत्र मिळालं तर तो तेहरानात थांबेल, बर्फ वितळला की पुढे जाईल आणि पुलावर उभा राहील. पत्र नाही मिळालं तर घाटात रस्ता बंद दिसेल आणि तो अर्ध्यातून परत येईल. मग चैत्रात माझी रजा, आणि पुन्हा नव्यानं, दोघं मिळून. तो मरेल असं मला वाटलं नाही. तसं वाटूच दिलं नाही मी स्वतःला. पाकीट खिशात घातलं आणि घरी येऊन कपाटात कपड्यांखाली ठेवलं.

पौष संपत आला आणि कार्डं थांबली. आधी आठ दिवस, मग पंधरा, मग महिना. मी निवडणुकीच्या याद्या तयार करत होतो आणि डोळ्यांसमोर दुसरंच दिसत होतं. त्याची आई रोज संध्याकाळी यायची. कार्ड नसायचं, तरी ओसरीवर बसायची. एकदा म्हणाली, ‘तू नाय गेलास त्ये बरं झालं. तुझी आई तरी सुखात हाय.’ माझ्या बायकोनं तिला चहा दिला. मी आत गेलो आणि कपाटाला टेकून उभा राहिलो. पत्र काढून जाळावं असं वाटलं, तेही जमलं नाही. त्या दिवसांत हेवा कुठे गेला होता कोण जाणे. फक्त तो जिवंत असावा एवढंच मागत होतो.

शिमगा झाल्यावर पत्र आलं, दुसऱ्या कोणाच्या तरी हातचं, इंग्रजीत. बस घाटात दोन दिवस अडकली होती. तो आणि आणखी काहीजण चालत खाली आले होते. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली, ती कापावी लागली. इस्पितळात आहे, बरा आहे. शेवटी एक ओळ होती: बरा झाल्यावर इस्तंबूलला जाणार.

त्याच्या आईला मी ते वाचून दाखवलं. ती रडली, मीही रडलो. आणि खोटं कशाला बोलू, शेवटची ओळ वाचताना मला पुन्हा हेवा वाटला.

चैत्रात साहेबांनी आपणहून विचारलं, रजा हवी का. मी नको म्हणालो. एकट्यानं जायची छाती नव्हती. पुढच्या हिवाळ्यापर्यंत इराण पेटलं, मग तिथे लढाई सुरू झाली, आणि तो रस्ता आमच्यासारख्यांसाठी उरलाच नाही. माझा पासपोर्ट अजून कोरा आहे.

तो परत आला तेव्हा भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, चालू होती. शेतातले लोक चिखलाच्या पायांनी बांधावर येऊन त्याला बघत होते. लंगडत होता, पण पुलावर जाऊन आला होता. शाळेत त्याचं भाषण ठेवलं. हेडमास्तरांनी त्याला हार घातला, आणि त्यानं पोरांना सांगितलं की पासपोर्ट पोटाला बांधावा. मी मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्या.

वही बर्फात भिजून गेली होती. पुढे जाणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून हेडमास्तरांनी त्याला सगळ्या सूचना लिहून मागितल्या. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून तो माझ्याकडे आला. दुपारची वेळ होती. तो ओसरीवर पाय पसरून त्या पायाला तेल चोळत बसला आणि मी कोरा कागद पुढे घेतला. मी वर लिहिलं, ‘कधी निघावं’, आणि पुढे माझी लेखणी थांबली.

‘थंडीत जाऊ नये, हे मला आधी कळलं होतं,’ मी म्हणालो. ‘तू तेहरानला पोचायच्या आधी. पत्र लिहिलं होतं. टाकलं नाही.’

‘का?’

‘तू अर्ध्यातून परत यावास म्हणून.’

तो पाय चोळत राहिला. मला वाटलं आता उठून थोबाडीत देईल. ती मला हवीच होती.

‘तुझं पत्र कशाला पायजे व्हतं?’ तो म्हणाला. ‘तेहरानात चहावाल्यापासून सगळे सांगत व्हते, आता जाऊ नको, बर्फ हाय. लॉजवाला तर म्हणाला, दोन म्हैने माझ्याकडं रहा, पडंल ते काम कर, जागेचे पैसे नको.’

‘मग थांबला का नाहीस रं?’

‘थांबलो असतो तर चैत लागला असता. तुझी निवडणूक सरली असती. तू आला असतास.’

मी लेखणी खाली ठेवली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तू आला असतास तर पुलावर पण तूच बोलला असतास. मी मागं उभा. चार वर्सं त्या वाचनालयाच्या पायरीवर तसाच बसलो व्हतो ना.’

इतके महिने मी ज्याच्या ओझ्याखाली वाकलो होतो ते पाप माझं एकट्याचं नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं ते असं, की हेवा आम्ही दोघांनीही केला. माझ्या हेव्यानं मला पोस्टाच्या पेटीपासून घरी आणलं, त्याच्या हेव्यानं त्याला आशियाच्या टोकापर्यंत नेलं.

‘लिही,’ तो म्हणाला. ‘पयली सूचना. संगं कुणाला घेऊ नये.’

मला ते चूक वाटलं, आजही वाटतं. पण गेलेला तो होता, म्हणून मी तसं लिहिलं.